जनगणना २०२७ : धार-देवासची मराठी घरे कोणत्या रकान्यात?

देशात सोळा वर्षांनी पुन्हा जनगणना होत आहे. २०२१ ची जनगणना कोविडमुळे राहिली. जून २०२५ मध्ये निघालेल्या अधिसूचनेप्रमाणे आता १ मार्च २०२७ हा तिचा संदर्भ दिवस ठरला आहे. काम दोन टप्प्यांत व्हायचे आहे. पहिला टप्पा घरयादीचा. तो २०२६ च्या एप्रिल ते सप्टेंबर या काळात, राज्यागणिक ठरलेल्या तीस दिवसांत. दुसरा टप्पा प्रत्यक्ष माणसे मोजण्याचा, फेब्रुवारी २०२७ मध्ये. या वेळी कागदी पत्रकाऐवजी मोबाइल असेल, घरबसल्या स्वतः माहिती भरण्याची सोय असेल, आणि स्वातंत्र्यानंतर प्रथमच सर्वांच्या जातीची नोंद होईल.

जातीच्या नोंदीवर वर्तमानपत्रांत भरपूर लिहून येत आहे. आम्हाला या लेखात दुसऱ्याच एका रकान्याबद्दल बोलायचे आहे. तो म्हणजे मातृभाषेचा. धार आणि देवास इथल्या मराठी माणसांची संख्या किती, हे पुढची दहा-पंधरा वर्षे या एका रकान्यावरून ठरणार आहे. पण तेवढ्यासाठीच हा लेख नाही. आपण कोण आहोत, कशावर जगतो, पुढे कोण राहणार आहे, हे मंडळाने एकदा नीट मांडून पाहावे असे बरेच दिवस मनात होते. जनगणनेमुळे त्याला निमित्त मिळाले.

दोन गावे, एकशे दहा वर्षे

सुरुवात साध्या आकड्यांनी करू. १९०१ च्या जनगणनेत धार शहराची लोकसंख्या १७,७९२ होती आणि देवासची १५,४०३. म्हणजे धार थोडे मोठे. २०११ मध्ये धार सुमारे ९४ हजारांवर आले आणि देवास सुमारे २ लाख ९० हजारांवर. एकशे दहा वर्षांत धार पाचपट वाढले आणि देवास जवळजवळ एकोणीसपट.

दोन्ही पवारांच्या गाद्या. दोन्हीकडे अठराव्या शतकात, बाजीराव पेशव्यांच्या माळव्यातल्या मोहिमांबरोबर मराठी माणूस आला. देवासला तर तुकोजी आणि जिवाजी या दोन भावांची दोन राज्ये, थोरली पाती आणि धाकटी पाती, एकाच गावात नांदत होती. इंग्रज लेखक ई. एम. फॉर्स्टर १९२१ मध्ये थोरल्या पातीच्या महाराजांचे खासगी सचिव होते. त्यांच्या 'द हिल ऑफ देवी' या १९५३ मधल्या पुस्तकामुळे आपली टेकडी जगाला माहीत झाली. धारची कहाणी आणखी जुनी, भोजराजापर्यंत जाणारी. पेशव्यांच्या घरातल्या कलहात आनंदीबाईंनी आसरा घेतला तो धारच्या किल्ल्यात, आणि दुसऱ्या बाजीरावांचा जन्मही तिथलाच, १७७५ चा.

इतिहास इतका सारखा असूनही वाढ इतकी वेगळी का झाली? त्याचे मोठे कारण रस्ता आणि रेल्वे. देवास आग्रा-मुंबई रस्त्यावर आहे, रेल्वेवर आहे, आणि इंदूरपासून पस्तीस-चाळीस किलोमीटरवर. धार त्या रस्त्यापासून पश्चिमेला बाजूला राहिले. इंदूर-दाहोद रेल्वेमार्गाची पायाभरणी २००८ मध्ये झाली, पण धारकरांच्या दोन पिढ्या 'रेल्वे येणार' हे ऐकतच मोठ्या झाल्या.

दुसरे कारण कारखाने. देवासला १९७० च्या दशकात बँक नोट प्रेस आले. किर्लोस्करांचे पंप, टाटांचे चामड्याचे काम, गजरा गिअर्स, औषधांचे कारखाने, अशी औद्योगिक वसाहत शहराला लागूनच उभी राहिली. त्यामुळे कामगार, सुपरवायझर, अकाउंटंट, शाळामास्तर सगळे देवास गावातच राहिले. धार जिल्ह्यातही कारखाने आले आणि देवासपेक्षा मोठे आले. पण ते धारला न येता पीथमपूरला आले, इंदूरच्या बाजूला. १९८० च्या दशकापासून तिथे बजाज टेम्पो, आयशर, कायनेटिक होंडा अशी नावे दिसू लागली. २०११ मध्ये पीथमपूरची लोकसंख्या सव्वा लाखाच्या वर होती. म्हणजे धार जिल्ह्यातले सर्वांत मोठे शहर धार नाही, पीथमपूर आहे. ही गोष्ट आपल्यापैकी अनेकांच्या लक्षातही नसते, कारण आपले कार्यक्रम, आपले गणपती, आपली हळदीकुंकवे सगळी जुन्या धारमध्ये होतात.

जिल्ह्यांचे चित्रही वेगळे आहे. २०११ मध्ये धार जिल्ह्यात जवळपास २२ लाख माणसे होती आणि त्यांतली निम्म्याहून अधिक, सुमारे ५६ टक्के, अनुसूचित जमातींची. देवास जिल्ह्यात साडेपंधरा लाखांच्या वर लोक, त्यांत जमातींचे प्रमाण १७ टक्क्यांच्या आसपास. साक्षरता धारमध्ये ५९ टक्के, देवासमध्ये ६९. आपली घरे ज्या जिल्ह्यांत आहेत त्यांचे हे सरासरी चित्र आहे. आपल्या घरातले चित्र त्याहून पार वेगळे असते, आणि म्हणूनच जिल्ह्याच्या आकड्यांत आपण दिसत नाही.

आपण आलो कसे, जगलो कशावर

आपल्या समाजाची आर्थिक घडण चार टप्प्यांत झाली असे आम्हाला वाटते.

पहिला टप्पा शिलेदारी आणि इनामांचा. पवारांच्या बरोबर आलेली मराठा सरदार घराणी, त्यांचे कारभारी, पुराणिक, वैद्य, शिंपी, सोनार, न्हावी, पागेवरची माणसे असा पुरा संसारच दक्षिणेतून इकडे आला. मराठी समाज म्हणजे चार-पाच आडनावांचे ब्राह्मण वाडे, असे चित्र आपल्याच पुढच्या पिढीच्या मनात तयार होत आहे. ते तेव्हाही खरे नव्हते आणि आजही नाही.

दुसरा टप्पा दरबारी नोकरीचा. मोडीतले दफ्तर, शाळाखाते, न्यायखाते, इस्पितळ. धारचे शिक्षणखाते सांभाळणाऱ्या काशिनाथ कृष्ण लेले यांनी १९०३ च्या सुमारास भोजशाळेतले शिलालेख उजेडात आणले, ते याच टप्प्यातले. वसईचे शिल्पकार रघुनाथ कृष्ण फडके धारला येऊन कायमचे धारकर झाले, तेही संस्थानी आश्रयाच्या काळातच.

तिसरा टप्पा विलीनीकरणाचा. २८ मे १९४८ रोजी मध्यभारत अस्तित्वात आला आणि दोन्ही गावांच्या राजधान्या संपल्या. १९५१ च्या कायद्याने जहागिऱ्या गेल्या. जमिनीवर उभी असलेली घरे पगारावर आली. १ नोव्हेंबर १९५६ ला मध्य प्रदेश झाला आणि सरकारी कामकाजाची भाषा पूर्णपणे हिंदी. आपल्या आजोबांच्या पिढीने हे फार शहाणपणाने पेलले. हिंदी शिकून त्यांची मुले शिक्षक झाली, बँकेत गेली, वीजमंडळात गेली, पाटबंधाऱ्यात गेली. घरात मराठी, दारात माळवी, कचेरीत हिंदी, ही आपली तीन मजली भाषा तेव्हापासूनची.

चौथा टप्पा कारखान्यांचा. पुण्या-नाशिककडच्या कंपन्या इकडे आल्या तशी त्यांच्याबरोबर डिप्लोमा झालेली मराठी मंडळीही आली. देवासच्या वसाहतींत जुने देवासकर आणि नवे नोकरदार एकाच गणपतीला जमू लागले.

या चार टप्प्यांत एक गोष्ट समान आहे. व्यापार आपण फारसा केला नाही. आपण पगार आणि पेन्शन यांवर जगलो. त्याचे फायदे आपल्याला माहीत आहेत. मुले शिकली, मुली शिकल्या, कर्ज कमी राहिले. तोटा आता दिसतो आहे. दुकान असलेल्या घरातला एक मुलगा तरी गावात राहतो, कारण गल्ला सांभाळायला कोणीतरी लागते. पगारावर चालणाऱ्या घराला गावात धरून ठेवणारे काही नसते. नोकरी जिथे तिथे घर. आधी इंदूर, मग पुणे, बंगळूर, मग परदेश.

म्हणून आज आपल्या जुन्या वस्त्यांत फिरले की काय दिसते ते आपण सगळे जाणतो. खालच्या मजल्यावर काका-काकू, वरच्या मजल्यावर भाडेकरू किंवा कुलूप. मुलगा दिवाळीत येतो, सूनबाई मे महिन्यात नातवंडांना घेऊन येतात. काका गेले की काकू पुण्याला जातात आणि घर विकले जाते. हे कोणाच्या वागण्याचे फळ नाही. ज्या शिक्षणासाठी आपण झटलो त्याचाच हा परिणाम आहे.

मातृभाषा म्हणजे कोणाची भाषा?

आता जनगणनेच्या रकान्याकडे येऊ. भारताच्या जनगणनेत मातृभाषेची व्याख्या ठरलेली आहे. माणसाच्या बालपणी त्याच्या आईने त्याच्याशी जी भाषा बोलली ती त्याची मातृभाषा. आई लहानपणीच गेली असेल तर त्या काळात घरात मुख्यतः बोलली जाणारी भाषा. घरातल्या सर्वांची मातृभाषा एकच असेल असे धरून चालू नये, प्रत्येकाला वेगळे विचारावे, अशी प्रगणकांना सूचना असते. त्याशिवाय येत असलेल्या आणखी दोन भाषा नोंदवता येतात.

हे वाचून आपल्या घरांकडे पाहिले की तीन प्रकार दिसतात.

पहिला प्रकार, आई-वडील दोघेही मराठी. मुले शाळेत हिंदी-इंग्रजी शिकली, आपसात हिंदीत बोलतात. प्रगणक दारात येतो, घाईत असतो, 'हिंदी ना?' असे विचारतो आणि आपण मान डोलावतो. व्याख्येप्रमाणे इथे मराठी लिहायला हवी, कारण त्या मुलांशी आई मराठीतच बोलली होती. फक्त ते तोंडाने सांगावे लागते.

दुसरा प्रकार, वडील मराठी आणि आई माळवी किंवा हिंदी घरातली. अशी घरे आता अपवाद राहिलेली नाहीत. आई मुलांशी हिंदीत बोलली असेल तर मातृभाषा हिंदीच लिहावी. आडनाव देशपांडे असो की शिंदे, त्याने फरक पडत नाही. मुलाला मराठी येत असेल तर ती येणाऱ्या भाषांत जरूर नोंदवावी. जनगणनेत खोटे लिहू नये आणि कोणाला लिहायला सांगूही नये.

तिसरा प्रकार सर्वांत महत्त्वाचा आणि त्याच्याकडेच आपले लक्ष कमी जाते. आपली लेक माळवी, गुजराती किंवा सिंधी घरात दिली. मंडळाच्या वर्गणीच्या वहीतून तिचे नाव लग्नाच्या वर्षी गळते, कारण वही आडनावाने आणि कुटुंबप्रमुखाने चालते. जनगणनेत मात्र ती आयुष्यभर मराठीच राहते. ती आपल्या मुलांशी मराठीत बोलत असेल तर ती मुलेही मराठी मातृभाषेची ठरतात, मग त्यांचे आडनाव काहीही असो.

म्हणजे सरकारची मोजणी आईकडून जाते आणि आपली वही बापाकडून. या दोन याद्या जुळत नाहीत. आमच्या मते भाषेच्या बाबतीत सरकारची रीत अधिक बरोबर आहे. धार-देवासमध्ये मराठी पुढे टिकली तर ती आडनावांमुळे टिकणार नाही. कुठल्या घरात कोणती बाई मुलाला कोणत्या भाषेत जेवायला हाक मारते, यावर ती टिकेल. त्या घराच्या दारावर कोणाची पाटी आहे हे गौण.

या रकान्यात न मावणारी माणसेही असतात, हे देवासला सांगायला नको. बेळगावजवळच्या कन्नड घरातले, मुंबईत गाणे शिकलेले कुमार गंधर्व १९४८ मध्ये क्षयाच्या आजारात हवापालटासाठी देवासला आले आणि १९९२ मध्ये जाईपर्यंत इथेच राहिले. माळवी लोकगीते त्यांनी गोळा केली, निर्गुणी भजने गायली, मराठी रसिकांनी त्यांना आपले मानले. त्यांची मातृभाषा कोणती, या प्रश्नाचे उत्तर एका शब्दात देता येते. पण त्यांच्या गाण्याची भाषा कोणती, हे एका शब्दात सांगता येत नाही.

शेजाऱ्यांचेही असेच आहे. माळवी ही आपली 'दारातली' भाषा. २०११ मध्ये सुमारे ५२ लाख लोकांनी तिचे नाव सांगितले, पण तक्त्यांत ती हिंदीच्या पोटात मोजली जाते. खानदेशातून पीथमपूरला कामाला आलेला माणूस 'अहिराणी' म्हणाला तर तो 'खानदेशी' या वेगळ्या भाषेखाली जातो, मराठीत नाही. आकडे वाचताना हे ध्यानात असावे.

एक गंमत परदेशातल्या नातवंडांची. अमेरिकेत तिकडच्या जनगणना खात्याची दरवर्षी एक नमुना पाहणी होते. ज्या घरांना तो अर्ज जातो त्यांना आईची भाषा विचारत नाहीत. घरात इंग्रजीखेरीज कोणती भाषा बोलता, असे विचारतात. त्यामुळे न्यू जर्सीतला आपला नातू घरी मराठी बोलत असेल तर तो तिथे नोंदला जातो. मात्र प्रसिद्ध होणाऱ्या तक्त्यात मराठीला स्वतंत्र ओळ नाही. नेपाळी, मराठी आणि इतर काही भारतीय भाषा अशी एकत्र मोट बांधलेली असते. त्याच पाहणीतून तिथल्या चारशे-पाचशे वस्तीच्या खेड्याचेही चित्र मिळते. लोक किती, घरे किती, मधले वय किती, घराचे उत्पन्न किती, गरिबीखाली किती. आपल्या जनगणनेत उत्पन्न विचारत नाहीत, आणि भाषेप्रमाणे वय-व्यवसायाचे बारीक चित्र एका शहराच्या पातळीवर आपल्यापर्यंत पोचत नाही. तिथल्या एखाद्या छोट्या खेड्याला स्वतःबद्दल जेवढे माहीत असते तेवढे आपल्याला आपल्या समाजाबद्दल माहीत नाही.

आकड्याने काय मिळेल, काय नाही

मराठी लिहिली की सरकारकडून काहीतरी पदरात पडेल, अशी आशा कोणी धरू नये. २०११ मध्ये मध्य प्रदेशात मराठी मातृभाषा सांगणारे १२ लाखांच्या आसपास होते, म्हणजे राज्याच्या पावणेदोन टक्क्यांच्या जवळ. त्यांतले पुष्कळ बऱ्हाणपूर, बैतूल, छिंदवाडा-पांढुर्णा, बालाघाट या महाराष्ट्राला लागून असलेल्या पट्ट्यात आणि इंदूर शहरात. धार-देवासचा वाटा त्यात लहान.

भाषिक अल्पसंख्याकांसाठी घटनेत तरतुदी आहेत. कलम ३५०-अ प्राथमिक शिक्षण मातृभाषेत देण्याची सोय करायला सांगते. शाळेत चाळीस किंवा वर्गात दहा मुले असतील तर त्या भाषेचा शिक्षक द्यावा, हे सूत्र १९४९ पासून मान्य आहे. सरकारी सूचना अल्पसंख्य भाषेत काढण्यासाठी त्या भागात पंधरा-वीस टक्के लोकसंख्या लागते, आणि आपण त्याच्या जवळपासही नाही. म्हणजे कागदावरचा आपला खरा हक्क शाळेतल्या दहा मुलांचा आहे. आणि आजच्या दिवशी मराठी शिकायला दहा मुले एका वर्गात बसवणे, हे सरकारपेक्षा आपल्याच हातात जास्त आहे.

तरी आकडा महत्त्वाचा आहे. भोपाळच्या मराठी साहित्य अकादमीकडे कार्यक्रम मागताना, नगरपालिकेकडे सभागृहासाठी जाताना, 'तुम्ही आहात किती?' हा पहिला प्रश्न असतो. शिवाय ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला आहे. त्यातून अभ्यासाच्या, हस्तलिखितांच्या योजना येतील. धार-देवासच्या वाड्यांत मोडीची बाडे अजून फडताळांत आहेत. त्यांच्यासाठी हात पुढे करायचा तर इथे मराठी समाज जिवंत आहे हे दिसावे लागेल.

पुढे काय येते आहे

येत्या दहा वर्षांत ही दोन गावे आणखी बदलतील. राज्याने २०२५ मध्ये महानगर क्षेत्रांचा कायदा केला. त्याखाली इंदूर, उज्जैन, देवास आणि धार यांना जोडणारे महानगर क्षेत्र आखले जात आहे. धार जिल्ह्यात बदनावर तालुक्यातल्या भैंसोला इथे पीएम मित्र वस्त्रोद्योग पार्कची पायाभरणी १७ सप्टेंबर २०२५ ला झाली. दोन हजार एकरांहून मोठा हा प्रकल्प आहे. पीथमपूर वाढतेच आहे.

यातून आपली मुले परत येतील का? काही येतील. इंदूरमध्ये आयटीच्या नोकऱ्या वाढल्या आहेत आणि देवासला राहून इंदूरला रोज ये-जा करणारे आजही कमी नाहीत. पण सूतगिरणी आणि शिवणकामाचे काम आपल्या इंजिनियर मुलांसाठी नाही, हे सरळ आहे. त्या कामाला जवळच्या आदिवासी गावांतून, निमाडातून, आणि कदाचित खानदेशातूनही माणसे येतील. त्यांतली काही मराठी बोलणारी असतील. पीथमपूरला अशी माणसे आजही आहेत. भाड्याच्या एका खोलीत चार-चार जण राहतात, कंत्राटावर काम करतात. जनगणनेत ती मराठी म्हणून मोजली जातील. आपल्या वहीत ती नाहीत. आपल्या गणपतीला ती येत नाहीत, कारण त्यांना कोणी बोलावले नाही.

समाज म्हातारा होतो आहे, मुले जात आहेत, असे आपण प्रत्येक बैठकीत म्हणतो. त्याच वेळी तरुण मराठी माणसे आपल्या शेजारच्या गावात येत आहेत आणि लेकींच्या घरात मराठी बोलणारी नातवंडे वाढत आहेत. ही दोन्ही माणसे आपल्या 'आपण' या शब्दात बसवायची की नाही, हा खरा प्रश्न आहे. आमचे उत्तर, बसवायची, असे आहे. वर्गणी, पदे, जुने मान यांमुळे ते सोपे जाणार नाही, हे आम्ही जाणतो. पण न बसवल्यास दहा वर्षांनी वहीत जी नावे उरतील ती मोजायला प्रगणकाची गरज पडणार नाही.

आपली स्वतःची मोजणी

म्हणून सभासदांपुढे आम्ही काही गोष्टी ठेवतो.

पहिली, जनगणनेच्या वेळी घरातल्या प्रत्येकाची मातृभाषा वेगळी आणि खरी सांगा. ज्याची मराठी त्याची मराठी, ज्याची हिंदी त्याची हिंदी. येणाऱ्या भाषांचा रकाना रिकामा सोडू नका. प्रगणकाने काय टिपले ते विनयाने एकदा पाहून घ्या. स्वतः माहिती भरणार असाल तर ज्येष्ठांना शेजारच्या मुलांनी मदत करा.

दुसरी, फेब्रुवारीत पुण्याला किंवा परदेशी जाणाऱ्या काका-काकूंसाठी. २०११ च्या नियमाप्रमाणे मोजणीच्या सर्व दिवसांत जो बाहेर असतो तो इथे मोजला जात नाही. भारतात असाल तर जिथे असाल तिथे मोजले जाल, याची खात्री करा. दोन्हीकडे नाव देऊ नका.

तिसरी, मंडळाने आपली स्वतंत्र माहिती जमवावी. प्रश्न मोजके असावेत : घरात कोण-कोण, वय, काम, घराणे किंवा कुटुंब इथे कधी आणि कुठून आले, घरात कोणाशी कोणती भाषा बोलता, एकटे राहणारे ज्येष्ठ आहेत का, रात्री-अपरात्री दार उघडायला जवळ कोण आहे. उत्पन्न विचारू नये, जात विचारू नये. माहिती मंडळाकडेच राहावी, कुठल्याही पक्षाला किंवा दुकानदाराला जाऊ नये. बाहेर यावेत ते फक्त एकूण आकडे.

चौथी, ही माहिती कुटुंबप्रमुखाऐवजी घरातल्या बाईकडून घ्यावी आणि बाहेर दिलेल्या लेकींच्या घरी आवर्जून जावे. महिला मंडळाकडे हे काम दिले तर ते नीट होईल असा आमचा अनुभव आहे. हळदीकुंकवाच्या याद्या आजही वर्गणीच्या वहीपेक्षा पुऱ्या असतात.

पाचवी, पीथमपूरला निदान एक कार्यक्रम करावा. सभागृह नसले तरी चालेल. एखाद्या वसाहतीत रविवारी संध्याकाळी पोहे, चहा आणि तासभर गाणी, एवढे पुरे. आपली ओळख त्यांना होईल आणि त्यांची आपल्याला.

यातले तिसरे काम सरकारी मोजणीच्या आधी, या वर्षाच्या आत पुरे झाले तर बरे. ज्यांना आपल्या गल्लीची जबाबदारी घ्यायची आहे त्यांनी कार्यकारिणीकडे नाव द्यावे. धार आणि देवास दोन्हीकडे प्रत्येक जुन्या वस्तीत एक घर मिळाले, तर महिनाभराचे हे काम आहे.